उलट्या तारा

३ फेब्रुवारी

बारके,

हे पाकीट तू न उघडताच कुठेतरी सारून ठेवशील अशी मला भीती आहे, म्हणून मुद्द्याचं आधी लिहितो. तुझी गिटार माझ्याकडे आहे.

काल दुपारी तुमच्या ऑर्केस्ट्रातला ड्रमवाला दुकानात आला. मी ओळखलंच नाही. केस गेलेत, पोट सुटलंय आणि ते पूर्वीचं खिदळणंही गेलंय. तो जागा बदलतोय. माळा रिकामा करताना ही हाती लागली म्हणाला. तू गाव सोडताना त्याच्याकडे ठेवून गेली होतीस म्हणे. तुझा पत्ता त्याच्याकडे नाही, पण भावाचं फर्निचर पॉलिशचं दुकान आहे एवढं त्याच्या लक्षात होतं. चादरीत गुंडाळलेली गिटार त्याने माझ्या टेबलावर ठेवली आणि चहालाही न थांबता निघून गेला.

चादर सोडली आणि मी कपाळाला हात लावला. मधासारखा रंग असणार तिचा मूळचा, कडेला काळपट होत गेलेला. आता सगळ्या अंगावर बारीक तडे. पाठीवर ओरखडे. आवाजाच्या बटणांच्या शेजारी तर पॉलिश पार उडून लाकूड उघडं पडलंय, आणि तेही काळं मिचकूट. तारा गंजलेल्या. वायरिंगचं तर बोलूच नये, आतून झुरळांची अंडी निघाली.

पण लाकूड ठणठणीत आहे. बोटाने वाजवून पाहिलं. असलं लाकूड आता मिळत नाही, आणि मिळालं तर परवडत नाही. मी ठरवलंय, हिला पहिल्यासारखी करायची. अण्णा दुकानात काय म्हणायचे ते तुला आठवत असेल. वस्तू आपल्या हातून बाहेर पडली की तिच्यावर कोण बसलं, कोण टेकलं, कोणाचं पोर लोळलं, काही म्हणजे काही दिसता कामा नये. बापाचा तो एक नियम मी आजवर मोडलेला नाही.

तर करून ठेवतो. न्यायला मात्र तूच यायचं. पार्सल वगैरे मी करणार नाही, आधीच सांगतो. दोन वर्षं झाली, तू माझा फोन उचलत नाहीस. हा पत्ताही मावशीच्या मुलीकडून घेतला, आणि तिने तो देताना मला दहा प्रश्न विचारले. गिटारच्या निमित्ताने तरी ये. दोन दिवस राहा. भांडायचं असेल तर समोर बसून भांड.

आणखी एक सांगायचं होतं. तुला वाटतं आपल्या घरात तुझं वाजवणं कोणी ऐकलं नाही. तसं नाहीये. तुमचा ऑर्केस्ट्रा वाजायचा त्या क्लबात मी एकदा आलो होतो. मागे, दाराजवळ उभा होतो, म्हणून तुला दिसलो नसेन. छान वाजवलं होतंस.

दादा


१७ फेब्रुवारी

बारके,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मी तरी कुठे पत्रं लिहिणाऱ्यातला आहे? बिलाच्या मागे 'दोन खुर्च्या, एक टीपॉय' यापलीकडे माझं लेखन नाही. पण मागचं पत्र पेटीत टाकून परत येताना बरं वाटलं होतं, म्हणून हे दुसरं.

गिटार खोलली. एकेक स्क्रू काढून बिस्किटांच्या डब्यात ठेवला. तुझ्या वहिनीचा तो डबा, झाकणावर घोडागाडी असलेला. ती असती तर ओरडली असती. आता घरातल्या कुठल्याही डब्यात काहीही ठेवा, कोणी बोलत नाही. बुटाच्या पॉलिशशेजारी साखर ठेवली तरी चालतं, आणि खरं सांगायचं तर तशीच ठेवली आहे.

तुझ्या त्या ड्रमवाल्याने, नाहीतर त्याच्या घरच्या कोणीतरी, गिटारशी काय काय उद्योग केलेत ते ऐक. खांद्यावर पट्टा अडकवायचं बटण असतं ना, ते मानेच्या दोन्ही बाजूंना शिंगं असतात त्यातल्या वरच्यावरून काढून दुसऱ्या शिंगावर बसवलं होतं. खाली, जिथे त्याचं काही काम नाही तिथे. त्यासाठी नवीन भोक पाडलं होतं, तेही वाकडं. मी लाकडाची बारीक खुंटी ठोकून ते बुजवलं, वरून लांबी-पुट्टी भरली. बोट फिरवलं तर आता तुला सापडणार नाही. बटण मूळ जागी गेलं.

मानेच्या काठावर कोणीतरी लाल रंगाचे थेंब सांडून ठेवले होते. थेंब म्हणजे ठिपकेच, बारीक बारीक, थोड्या थोड्या अंतरावर. नेलपॉलिश असावं, कारण थिनर लावल्याबरोबर गेलं. आणि तो बटणांशेजारचा काळा डाग. बारके, त्याने माझा जीव काढला. पाणी मुरून मुरून लाकूड काळं झाल्यासारखं होतं. भिंतीला टेकवून ठेवली की असं होतं, ओल धरते. खरवडलं, घासलं, पुन्हा घासलं. खांदा भरून आला. पण शेवटी खालचं गोरं लाकूड वर आलंच.

काम असलं की दिवस जातो. दुकानात हल्ली काम येत नाही फारसं. लोक खुर्ची मोडली की फेकतात आणि खोक्यात मिळणारे सुटे भाग आणून नवीन जोडतात. मी सकाळी शटर उघडतो, रेडिओ लावतो, पाव-चहा घेतो. दुपारी जेवायला आतल्या खोलीत जातो. भात एका माणसाचा होत नाही, कितीही कमी घातला तरी दोघांचा होतो. मग उरलेला संध्याकाळी.

वहिनी गेल्याचं तुला उशिरा कळवलं, हे तुझ्या मनात आहे, मला माहीत आहे. सगळं उरकल्यावर तुला मावशीच्या मुलीच्या पत्राने कळलं. तुझ्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो. फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. तुला सांगितलं की ते खरं होणार, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. तुझं आणि तिचं गूळपीठ. ती गेल्याचं तुझ्या तोंडून ऐकवलं नसतं मला. ही सबब नाही, नुसतं सांगतोय.

रंग पूर्वीचाच देणार आहे, मधाचा. तुला दुसरा हवा असेल तर लवकर कळव.

दादा


९ मार्च

बारके,

गिटार बोलली.

झालं असं की लाकडाचं मला कळतं, विजेचं नाही. तारांच्या खाली ते दोन लांबट डबे असतात, आत केसासारखी बारीक तार गुंडाळलेली. त्यातल्या एका डब्यातली तार मेली होती. आपल्या गल्लीच्या टोकाला पंख्यांच्या मोटारी भरून देणारी बाई बसते, तिच्याकडे घेऊन गेलो. पंख्याची मोटार आणि हे यात फरक काय, दोन्हीत तारच तर गुंडाळायची, असं मी म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि डबा हातातून काढून घेतला. आठवडाभर तिने ते ठेवून घेतलं, दोनदा तार तुटली म्हणून मला शिव्या घातल्या, आणि शेवटी करून दिलं. दुरुस्ती झाल्यावर तिने स्वतःच विचारलं, वाजवतं कोण? मी म्हटलं, धाकटी बहीण. कुठे असते? मी गावाचं नाव सांगितलं. येते का? म्हटलं, येणार आहे.

घरी आणून तात्पुरत्या दोन तारा चढवल्या आणि जुन्या टेपरेकॉर्डरच्या माइकच्या भोकात वायर खुपसली. एक तार छेडली. बारके, त्या दोन खोल्यांत वहिनी गेल्यापासून एवढा मोठा आवाज झाला नव्हता. कपाटाच्या काचा थरथरल्या. मी घाबरून बंदच केलं. मग पुन्हा लावलं. मला काय वाजवता येतंय, कप्पाळ. एकच तार, एकाच जागी, टँव करून. पण संपता संपत नाही तो आवाज, बारीक होत होत किती वेळ राहतो. मी तो संपेपर्यंत बसून राहायचो, मग पुन्हा छेडायचो. अख्खी दुपार अशी घालवली. शेजारच्या शिंप्याने भिंतीवर ठोकलं तेव्हा थांबलो.

त्या दिवशी क्लबात तू निळा ड्रेस घातला होतास ना? बाह्यांना चांदीची किनार होती. एका गाण्याच्या मध्ये बाकीचे सगळे थांबले आणि तू एकटीच वाजवत राहिलीस, डोळे मिटून. लोक जेवायचे थांबले होते. ते मी विसरलेलो नाही.

आता पॉलिशचे हात द्यायला घेणार. पातळ हात, एक सुकल्याशिवाय दुसरा नाही. घाई केली की आत ओल राहते आणि महिन्याने पांढरट धुकं चढतं. तुलाही माहीत आहे, लहानपणी सुकत ठेवलेल्या टेबलावर तू पंजा उमटवला होतास आणि अण्णांनी दोघांनाही बदडलं होतं. तुझा पंजा, मार मला पण.

उत्तर दे गं. दोन ओळी पुरेत.

दादा


३० मार्च

बारके,

झाली.

फोटो सोबत आहे. फोटोवाल्याला खास बोलावून काढला, कारण माझ्या फोनवर ती पिवळी दिसत होती. हातावर घेतली की तिच्यात खिडकी दिसते, खिडकीतला माणूस दिसतो, त्याच्या शर्टाची बटणं दिसतात. चाळीस वर्षं या धंद्यात काढली, पण असं काम माझ्या हातून झालं नव्हतं. आज अण्णा असते तर काही बोलले नसते, नुसता पॉलिशचा बोळा माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला असता. ती त्यांची शाबासकी.

तारांसाठी वाद्यांच्या दुकानात गेलो होतो. तिथला माणूस गिटार बघून खूष झाला. मग म्हणाला, मालक, मानेच्या टोकाची ही हाडाची पट्टी उलटी बसवली आहे. त्या पट्टीला खाचा असतात, प्रत्येक तारेची खाच तिच्या जाडीची. जाड तारेची खाच बारीक तारेच्या जागी आणि बारीक तारेची जाडीच्या जागी, असं सगळं उलटं होतं. मी म्हटलं, मला नवल वाटत नाही, हिच्याशी ज्याने त्याने खेळ केलेत. तो म्हणाला, का हो, वाजवणारं माणूस डावखुरं आहे का? तसं असलं तर लोक गिटार उलटी धरतात आणि तारा उलट्या चढवून घेतात.

मला हसूच आलं. म्हटलं, अहो, बहीण आहे माझी. लहानाची मोठी झाली माझ्यासमोर. लिहिणं, जेवणं, सगळं उजव्या हाताने. सरळ करून टाका.

त्याने नवीन पट्टी बसवली, तारा सरळ चढवल्या. जुनी पट्टी मी घेऊन आलो. आपल्याला टाकायची सवय नाही.

तर आता काही म्हणजे काही राहिलेलं नाही. आतल्या खोलीतला पलंग झटकून ठेवला आहे. वहिनीचं कपाट मी अजून उघडलेलं नाही, ते तू आलीस की दोघं मिळून उघडू. तिच्या साड्या तुझ्याशिवाय कोणाला द्यायच्या? कधी येतेस ते कळव. स्टँडवर येईन. नको म्हणालीस तरी येईन.

दादा


१२ एप्रिल

बारके,

तुझं कार्ड मिळालं.

दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. पोस्टमनसमोरच वाचायला घेतलं. 'दादा, काम सुंदर झालं आहे. पण ही गिटार कोणाची?' बस. ना स्वतः कशी आहे ते, ना मी कसा आहे ते. खाली सहीसुद्धा नाही.

कोणाची म्हणजे? मी दोन महिने माझ्या खांद्याची वाट लावली ती कोणासाठी? ज्या वस्तूला उंदरांनी तोंड लावलं नाही एवढीच तिची पुण्याई, ती मी आरशासारखी करून ठेवली, आणि तू विचारतेस कोणाची. तुझा तो ड्रमवाला काय दुसऱ्याची उचलून देईल? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झालाय. तुला यायचं नसेल तर सरळ सांग, यायचं नाही. माणसाने एवढं केल्यावर त्याला असे टोमणे मारू नयेत.

पलंगावरची चादर काढून ठेवली आहे.


१५ एप्रिल

बारके,

मागचं पत्र रागात टाकलं. पेटीत पडल्याचा आवाज आला आणि वाटलं, हात घालून परत काढावं. ते तुला आधी मिळेल, हे नंतर. दोन्ही वाच.

काल दुपारी शटर अर्धं खाली ओढलं आणि आत आलो. तुझं कार्ड टेबलावर होतं. कोणाची, कोणाची, तेच डोक्यात. गिटार खुंटीला होती. दोन महिने ती आडवी टेबलावर नाहीतर खुंटीवर, मी ती अंगावर कधी घेतलीच नव्हती. पट्टा डोक्यातून घातला, डाव्या हातात मान, उजवा हात तारांवर, जशी सगळे धरतात तशी. आणि कपाटाच्या आरशासमोर उभा राहिलो. बघू तरी, काय वाईट दिसतंय हिच्यात, म्हणून.

आरशात तू होतीस.

आपली तोंडं सारखीच आहेत, वहिनी नेहमी म्हणायची. नाक अण्णांचं, हनुवटी आईची. पण ते नाही. आरशात गिटारची मान दुसऱ्या बाजूला होती. आरशातला माणूस डाव्या हाताने तारा छेडत होता. मी हात हलवला तर त्याचा डावा हलला. आणि बारके, मला तू दिसलीस, पाच-सहा वर्षांची, परकर पोटऱ्यांपर्यंत, डाव्या हातात पेन्सिल.

तू डावखुरी होतीस. मी हे विसरलो होतो. तुझ्या उजव्या हाताला वळण लावायचं काम अण्णांनी कोणाला दिलं होतं? मलाच. पाटीवर तू डावा हात टाकलास की पेन्सिल काढून उजव्यात द्यायची. जेवताना तेच. तू रडायचीस, मी काढून द्यायचो. वर्षभरात तू 'सरळ' झालीस, हा शब्द अण्णांचा. मी इतकं चोख काम केलं की माझ्याच डोक्यातून ते पुसलं गेलं.

मी आरशासमोर उभा होतो आणि एकेक गोष्ट जागेवर येत गेली. गिटार उलटी धरली की खालचं शिंग वर येतं, म्हणून बटण तिथे. भोक वाकडं कारण ते तू स्वतः पाडलंस, तुला गिरमिट धरायला कोणी शिकवलं नव्हतं. बटणांची बाजू वर येते, तुझ्या हाताखाली. तो काळा डाग ओलीचा नव्हता. तो तुझ्या हाताचा घाम होता, रात्रीमागून रात्री वाजवून मुरलेला. तो मी खांदा भरून येईपर्यंत घासला. मानेवर कुठे बोट ठेवायचं त्याच्या खुणा एकाच काठाला असतात. गिटार उलटी केली की त्या जमिनीकडे जातात, तुला दिसत नाहीत, म्हणून दुसऱ्या काठाला तू ते लाल ठिपके दिलेस. ते मी थिनरने पुसले, आणि वर तुला लिहिलंही, कोणीतरी सांडलंय म्हणून.

आता दुसरं. हे लिहायला मला सकाळपासून तीन कप चहा लागला.

मी क्लबात कधीच आलो नव्हतो. दाराजवळही नाही, मागेही नाही. आलो असतो तर तू गिटार कशी धरतेस ते मला दिसलं नसतं का? आंधळ्यालाही दिसलं असतं. फोटो बघितल्याबरोबर तुला कळलं असणार की दादा थापा मारतोय. तरी तू तसं लिहिलं नाहीस, नुसतं विचारलंस, कोणाची.

निळा ड्रेस, चांदीची किनार, डोळे मिटून वाजवणं, लोक जेवायचे थांबले, हे सगळं वहिनीचं. ती येत होती. मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगायची, आणि परत आली की भाकरी थापता थापता हळूच एकेक सांगत बसायची. मी पेपर वाचत हं हं करायचो. तू उलटी धरतेस हेही तिने सांगितलं असणार. मी हं म्हटलं असणार.

मग मी कपाट उघडलं. दोघांनी मिळून उघडायचं म्हटलं होतं, पण राहवलं नाही. खालच्या खणात, सुयादोऱ्याच्या डबीत, लाल नेलपॉलिशची एक बाटली होती, सुकून खडा झालेली. तिने जन्मात कधी नखं रंगवली नाहीत. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. ती बाटली कशासाठी घेतली होती ते आता मला कळलं. ठिपके देताना तुम्ही दोघी इथेच बसला होता का? याच खोलीत? मी बाहेर दुकानात असेन, खुर्ची चकचकीत करत.

तिची आठवण येते गं. ती असताना मी तिच्याकडे बघत नव्हतो आणि आता तिचे डबे बघत बसतो. आणि तू एकटीच उरली आहेस जिच्याशी तिच्याबद्दल बोलता येईल.

गिटार तुझी आहे. होती. मी ती दुसऱ्याच कोणाची तरी करून ठेवली.

दादा


४ मे

बारके,

तुझं काही आलं नाही. येईल असं धरून चाललोही नव्हतो. तरी पोस्टमन गल्लीत शिरला की मी हातातलं काम ठेवून बाहेर येतो, आणि तो लांबूनच मान हलवतो.

मी काय केलं ते सांगतो. बुजवलेलं भोक पुन्हा मोकळं केलं. खुंटी माझीच, पक्की बसवलेली, निघताना तिने माझी परीक्षा पाहिली. भोक तू पाडलं होतंस तेवढंच वाकडं ठेवलंय. बटण तिथे लावलं. जुनी हाडाची पट्टी डब्यात होती, ती बसवली. तारा उलट्या चढवून घेतल्या. वाद्यांच्या दुकानातल्या माणसाने विचारलं, आता का? मी म्हटलं, माझी बहीण डावखुरी आहे. लोकांसमोर हे पहिल्यांदाच बोललो. तो म्हणाला, तेव्हा नव्हती का? तेव्हाही होती.

तो डाग मात्र परत येणार नाही. तुला खरं सांगतो, मला तो करता येतो. हल्ली गिऱ्हाइकं नवं फर्निचर जुनं करून मागतात. कडा घासायच्या, कॉफीचं पाणी मारायचं, पन्नास वर्षांची वस्तू दोन तासांत तयार. पॉलिश पेपर हातात घेऊन बसलोही होतो. मग ठेवून दिला. एक खोटं बोललोय तेवढं बास. ती जागा गोरीच राहू दे. तू वाजवशील तसतशी काळी होईल, आणि झाली की माझ्याकडे आणू नकोस, नाहीतर हात शिवशिवतील.

ठिपकेही दिले नाहीत. नवी बाटली आणली. दुकानातल्या मुलीने विचारलं, आजींसाठी का? मी म्हटलं, बहिणीसाठी. चांगला रंग दाखवते म्हणून तिने चार बाटल्या काढल्या, आणि मी वहिनीची सुकलेली बाटली खिशातून काढून म्हटलं, हाच. ती बाटली गिटारसोबत ठेवली आहे. ठिपके तूच दे, तुझ्या हाताने.

न्यायला तूच यायचं असं मी पहिल्या पत्रात मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. ते मागे घेतो. वस्तू तुझी, ती माझ्याकडे अडकवून तुला बोलावणारा मी कोण? तू नुसतं 'पाठव' म्हटलंस तर पेटी करून पाठवतो. पेटी तयार आहे, आत ब्लँकेट लावलंय. काहीच म्हटलं नाहीस तरी महिनाअखेरीला पाठवून देणार.

पण एक विचारतो. तू अजून कुठे वाजवतेस का, मला माहीत नाही. क्लबात, शाळेत, घरातल्या घरात, कुठेही. मावशीच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, तूच विचार ना तिला. म्हणून विचारतोय. पेटी घेऊन मी आलो तर चालेल? राहायला नाही येत. वाजवशील तेवढा वेळ बसेन, मग परतीची गाडी पकडेन. मला त्यातलं काही कळत नाही, हं हं सुद्धा करणार नाही.

दाराजवळ उभा राहणार नाही. समोर बसेन.

दादा